शेंडेनक्षत्रावर उतरण्याचा खटाटोप कशासाठी?

माळवी मास्तर

यंदा इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ माझ्या व्याख्यानासाठी ठेवली होती. धूमकेतूवर, म्हणजे आपल्या शेंडेनक्षत्रावर, यान उतरवण्याचा विषय मीच सुचवला होता. पस्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे श्रोत्यांचे लक्ष कुठे सुटते ते मला व्यासपीठावरूनच दिसते, आणि त्या दिवशी ते फारसे सुटले नव्हते. आरतीची तबके बाहेर येऊ लागली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, दहा वर्षे प्रवास करून ते यंत्र शेवटी कपारीत कलंडून पडले, असे तुम्हीच सांगितलेत. मग मिळाले काय?" मी जे उत्तर दिले त्यावर टाळ्या पडल्या, घरी जाताना मात्र मला काकूंचा चेहराच आठवत राहिला, कारण त्यावर समाधान नव्हते.

ज्यांना तो प्रसंग आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. युरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा यान २ मार्च २००४ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघाले. मुळात ते विर्टानेन नावाच्या दुसऱ्याच धूमकेतूकडे जायचे होते. पण डिसेंबर २००२ मध्ये एरियन-५ जातीचा एक अग्निबाण अपयशी ठरला, उड्डाण लांबले, मुहूर्त टळला आणि ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूची निवड करावी लागली. (गंमत अशी की हा धूमकेतू १९६९ साली सापडला तोही भलत्याच धूमकेतूसाठी घेतलेल्या छायाचित्रात. म्हणजे दोन्ही वेळा त्याचा नंबर दुसऱ्याच्या जागी लागला.) पृथ्वीजवळून तीनदा आणि मंगळाजवळून एकदा जात त्यांच्या गुरुत्वाकर्षणातून वेग उसना घेत, वाटेत ३१ महिने जवळजवळ सर्व उपकरणे बंद ठेवून झोपत, रोझेटा ६ ऑगस्ट २०१४ रोजी तेथे पोचले. १२ नोव्हेंबरला त्याने फिले नावाचे सुमारे १०० किलोचे लँडर, म्हणजे जमिनीवर उतरणारे छोटे यान, सोडले. ते टेकल्याचा संदेश आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. अंतर ५१ कोटी किलोमीटर असल्यामुळे त्या संदेशालाच वाटेत २८ मिनिटे लागली होती.

नंतर कळले की फिले टेकले खरे, पण थांबले नाही. ते उसळले, जवळजवळ दोन तास तरंगत राहिले, पुन्हा टेकले, पुन्हा उसळले आणि शेवटी एका कड्याच्या सावलीत आडवे अडकले. तेथे सूर्यप्रकाश अगदी थोडा वेळ मिळत होता. सोबत नेलेल्या बॅटरीवर ते सुमारे अडीच दिवस चालले आणि १५ नोव्हेंबरला झोपी गेले. जून २०१५ मध्ये ते जागे झाले, काही वेळा त्याचा तुटक आवाज आला आणि ९ जुलैनंतर तोही बंद झाला.

आता मला पडलेला प्रश्न. धूमकेतूभोवती दोन वर्षे फिरणे आणि धूमकेतूवर उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचे हिशोबही वेगळे मांडले पाहिजेत. पहिल्या कामाबद्दल माझ्या मनात शंका नाही, दुसऱ्याबद्दल मात्र आहे. व्याख्यानात मी ती लपवली, येथे या चर्चेच्या धाग्यावर लपवत नाही. एक विनंती आहे. "आधी देशातली गरिबी हटवा" आणि "ज्ञानाची किंमत पैशात होत नाही" ही दोन्ही वाक्ये आपणा सर्वांना पाठ आहेत, तेव्हा ती सोडून लिहावे.

जमाखर्च

मास्तर, आपल्या विनंतीमुळे माझे पहिलेच वाक्य बाद झाले, त्यामुळे सरळ आकड्यांवर येतो.

रोझेटा मोहिमेचा एकूण खर्च सुमारे १४० कोटी युरो आणि त्यात फिलेचा वाटा सुमारे २२ कोटी युरो, असे जाहीर झालेले आहे. २०१४ च्या दराने हे पावणेअकरा हजार कोटी रुपयांच्या आसपास जातात. हा खर्च वीस वर्षांत विभागला, असे युरोपातले लोक सांगतात, आणि ते मान्य केले तरी वर्षाला पाचशे कोटींहून अधिक पडतात. फिले उतरण्याच्या जेमतेम सात आठवडे आधी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेले, तेही पहिल्याच प्रयत्नात, आणि त्याचा सगळा खर्च ४५० कोटी होता. ते एका वर्षात जेवढे खर्च करत होते, त्यापेक्षा कमी पैशात आपण अख्खी मोहीम पार पाडली.

मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या लेखाविभागात काम केले. नर्मदेचे पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर आणि वर विंध्याची चढण चढवून इंदूरला आणायचे, तर दर महिन्याला विजेचे बिल किती येते ते पाहून पाहून माझी एक सवय झाली आहे: खर्चाच्या समोर "कशासाठी" हा रकाना रिकामा दिसला की मी सही करत नसे. येथे तो रकाना कोणी भरून दाखवला तर मी आनंदाने सही करीन. फिलेच्या २२ कोटींसमोर काय लिहायचे?

लेथवाला

जमाखर्चसाहेबांच्या रकान्यात काय लिहावे हे मला सांगता येणार नाही, कारण माझा धंदा पीथमपूरला सुटे भाग बनवण्याचा आहे. "कलंडून पडले" या शब्दांवर मात्र मला आक्षेप आहे.

काय करायचे होते ते पाहा. त्या धूमकेतूचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे की आपल्याकडे शंभर किलो भरणारे फिले तेथे एखाद्या ग्रॅमभर वजनाचे झाले होते. कागदाचा एक कपटा आपल्या हातावर जेवढा भार टाकतो तेवढाच भार हे कपाटाएवढे यंत्र जमिनीवर टाकणार होते. वजन नाहीसे झाले तरी वस्तुमान तेवढेच राहते, त्यामुळे माणसाच्या चालीच्या वेगाने आलेल्या शंभर किलोंचा धक्का मात्र पुरेपूर बसतो. आमच्या कारखान्यात यंत्र जागेवर बसते ते स्वतःच्या वजनाने, आणि बोल्ट आपण नंतर आवळतो. तेथे वजनाची मदतच नव्हती, म्हणून तीन युक्त्या योजल्या होत्या: वरच्या बाजूने खाली रेटणारा वायूचा झोत, जमिनीत मारायचे दोन हार्पून (दोरी बांधलेले भालेच) आणि पायांना बर्फात शिरणारे स्क्रू. झोत चालला नाही, हार्पून सुटले नाहीत आणि स्क्रू एकट्याने पुरले नाहीत.

तरीही ते पहिल्यांदा टेकले ते नेमलेल्या जागेपासून शंभर-सव्वाशे मीटरवर. सोडले होते साडेबावीस किलोमीटर उंचीवरून, स्वतःचे इंजिन नसताना, आणि खालचा डोंगर साडेबारा तासांत एक फेरी घेत स्वतःभोवती फिरत होता. उसळी मारली तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ३८ सेंटीमीटर होता. तो ४४ च्या पुढे गेला असता तर फिले परत आलेच नसते. सहा सेंटीमीटरांचा फरक! व्हर्नियर कॅलिपर हातात घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला हा आकडा वाचून घाम फुटतो.

आणि धूमकेतूचा पृष्ठभाग कसा असेल हे हार्पून बनवणाऱ्यांना माहीत नव्हते. दगडासारखा कठीण की राखेसारखा भुसभुशीत, याचे उत्तर उतरल्यावरच मिळणार होते. माहीत नसलेल्या जमिनीसाठी पाया बांधायला सांगितले, तर आमच्याकडचा कोणताही ठेकेदार अंदाजपत्रकच देणार नाही.

राजवाडा

मग उतरायचेच कशाला? अमेरिकेने २००५ मध्ये एक गोळा आपटून धूळ उडवली होती ना? ते स्वस्तात झाले.

माळवी मास्तर

राजवाडा, आपटण्याचा तो प्रयोग ४ जुलै २००५ रोजी टेंपल-१ या धूमकेतूवर झाला. साधारण ३७० किलोचा, बराचसा तांब्याचा ठोकळा त्यावर आदळवला होता. धूळ इतकी उडाली की पडलेला खड्डा ठोकळा सोडणाऱ्या यानाला दिसलाच नाही. तो पाहायला फेब्रुवारी २०११ मध्ये दुसरे यान, स्टारडस्ट, तेथून न्यावे लागले. या स्टारडस्टने त्याआधी विल्ड-२ धूमकेतूची धूळ पकडून जानेवारी २००६ मध्ये पृथ्वीवर आणून दिली होती, आणि त्या धुळीत ग्लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिने ज्यांची बनतात त्यांतले एक) सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. पण ती धूळ सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने येऊन पकडपट्टीत घुसली होती. त्या धक्क्याने तापून तिच्यातले नाजूक पदार्थ बदलतात, काही उडून जातात. भांड्यावर दगड मारून आतल्या दुधाची चव पाहण्यासारखा तो प्रकार आहे.

आणि १९८६ मध्ये हॅलेजवळून गेलेले जिओत्तो यान! मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. ते केंद्रकापासून, म्हणजे धूमकेतूच्या घन गाभ्यापासून, सुमारे ६०० किलोमीटरवरून सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने निघून गेले, धुळीच्या माऱ्यात त्याचा कॅमेरा निकामी झाला, आणि तरीही धूमकेतूचे केंद्रक इतक्या जवळून कसे दिसते हे जगाने पहिल्यांदा पाहिले ते त्याच रात्री. रोझेटाने जे केले ते यापुढचे होते. सूर्याजवळ येताना धूमकेतू कसा पेटतो आणि दूर जाताना कसा विझतो, हे सगळे त्याच्या शेजारी राहून दोन वर्षे पाहायचे होते.

कृत्तिका

मी इंदूरची, सध्या शिक्षणासाठी पुण्यात आहे. जमाखर्च काकांनी नर्मदेचा विषय काढला म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण रोझेटाच्या मोहिमेतला सर्वांत गाजलेला आकडा पाण्याचाच होता.

पाण्यातील हायड्रोजनचे काही अणू जड असतात, त्यांना ड्यूटेरियम म्हणतात. आपल्या समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे १५६ अणू या जड प्रकारचे आहेत. नर्मदेत थोडे कमी-जास्त असतील, पण त्याच घरातले. हे प्रमाण पाण्याच्या जन्मखुणेसारखे असते, कारण सूर्यमालेच्या थंड, दूरच्या भागात तयार झालेल्या बर्फात ते सर्वसाधारणपणे जास्त भरते. पृथ्वी तयार होताना फार तापलेली होती, तेव्हा तिचे पाणी नंतर बाहेरून आले असावे आणि धूमकेतूंनी ते आणले असावे, अशी कल्पना बरीच वर्षे चालत आली आहे. हॅलेचे प्रमाण समुद्राच्या दुप्पट निघाले तेव्हा ती डळमळली. २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीने हार्टली-२ धूमकेतूचे प्रमाण मोजले आणि ते १६१ निघाले, म्हणजे अगदी समुद्राइतके, तेव्हा ती पुन्हा सावरली. डिसेंबर २०१४ मध्ये रोझेटाने ६७पीचा आकडा दिला: ५३०. समुद्राच्या तिपटीहून अधिक! त्या वेळी सगळीकडे छापून आले की पृथ्वीचे पाणी असल्या धूमकेतूंचे नाही, लघुग्रहांकडे पाहा.

गोष्ट येथे संपली असती तर मी हा प्रतिसाद लिहिला नसता. २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी रोझेटाचीच जुनी मोजमापे पुन्हा काढून बसून तपासली. आधीचा आकडा थोड्या नोंदींवरून काढलेला होता, त्यांनी सोळा हजारांहून अधिक नोंदी घेतल्या. त्यांना दिसले की यान केंद्रकाच्या जवळ आणि धुळीत असताना प्रमाण फुगलेले येते, आणि दूर, स्वच्छ जागी गेल्यावर ते उतरते. जड पाणी धुळीच्या कणांना अधिक चिकटून राहते आणि कण तापून सुकू लागले की ते सुटते, त्यामुळे धुळीत उभे राहून केलेली मोजणी धुळीचीच ठरते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. त्यांनी काढलेले खरे प्रमाण जुन्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, म्हणजे पृथ्वीच्या बरेच जवळ. दहा वर्षे पाठ्यपुस्तकात जाऊन बसलेले "नाही" आता पुन्हा "पाहावे लागेल" झाले आहे.

काका, आता आपल्या रकान्याबद्दल. यान ३० सप्टेंबर २०१६ रोजी धूमकेतूवर उतरवून बंद केले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्याच यानाने आपल्याला एक नवी गोष्ट सांगितली. हा खर्च कोणत्या वर्षात धरणार?

जमाखर्च

कृत्तिकाबाई, प्रश्न चोख आहे. याला आमच्याकडे भांडवली खर्च म्हणतात आणि त्याचा घसारा वर्षानुवर्षे लावतात. नर्मदेचा पहिला टप्पा १९७८ मध्ये आला तेव्हा शहर आजच्या तुलनेत लहान होते आणि "इतके महाग पाणी कशाला, विहिरी काय कमी आहेत" असे म्हणणारे जाणते लोक होते. आज त्या जलवाहिनीवाचून इंदूर राहील अशी कल्पनाही करता येत नाही. तेव्हा रोझेटाच्या खर्चावर मी सही करतो.

पण आपला धागा मास्तरांनी आखलेला आहे. आपण सांगितलेले सगळे काम वरून फिरणाऱ्या यानाचे आहे. पाण्याचा आकडा त्यानेच मोजला. ग्लायसिन आणि फॉस्फरस धूमकेतूच्या वायूत सापडले असे २०१६ मध्ये जाहीर झाले, तेही त्यानेच. धूमकेतूतून चक्क ऑक्सिजनचे रेणू बाहेर पडतात, ही कोणाच्याही ध्यानीमनी नसलेली गोष्ट २०१५ मध्ये कळली, तीही त्याच्याच उपकरणाने. मग फिलेचे काय? २२ कोटी युरो, अडीच दिवस. माझी लेखणी तेथेच अडली आहे.

अवंतिका

मी लग्नानंतर इंदूरला आले. माझे माहेर भोपाळचे. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर वर्तमानपत्रात एक छोटी बातमी वाचली होती, ती या धाग्याशी संबंधित आहे म्हणून लिहिते. फिलेने उसळी मारली तेव्हा उडालेली धूळ त्याच्या एका उपकरणाच्या नळीत शिरली आणि तिच्यात सोळा सेंद्रिय पदार्थ ओळखले गेले, त्यांतले चार याआधी कोणत्याही धूमकेतूवर नोंदलेले नव्हते, अशी ती बातमी होती. चार नावांपैकी एक होते मिथाइल आयसोसायनेट.

हे नाव मला वाचून समजण्याची गरज नव्हती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून हाच वायू सुटला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही नव्या भोपाळात, टेकडीच्या अलीकडे राहत होतो, म्हणून वाचलो. पहाटे वडिलांनी दार उघडले तेव्हा रस्त्यावरून लोक डोळ्यांना ओले फडके लावून, एकमेकांचा पदर धरून चालत येत होते, आणि आईने पाण्याचा हंडा उंबऱ्यावर आणून ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येकाला ती ओंजळभर पाणी देई आणि दोन वेळा डोळे मिटून उघडायला सांगे. ते पाणी किती उपयोगाचे होते ते मला माहीत नाही.

मास्तर, तोच पदार्थ कोट्यवधी किलोमीटर दूर, माणसाचा स्पर्श न झालेल्या बर्फात आहे, हे वाचून मला काय वाटावे ते कळले नाही. आपण रसायनशास्त्र शिकवले आहे, तर तो तेथे काय करतो आहे ते सांगाल का?

माळवी मास्तर

अवंतिकाताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर जपून देतो.

मिथाइल आयसोसायनेटचा रेणू लहान आहे. त्यात नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन एका ओळीत जोडलेले असतात. प्रथिनांमध्ये एक अमिनो आम्ल दुसऱ्याला ज्या बंधाने जोडले जाते त्यातही हीच तीन मूलद्रव्ये याच क्रमाने येतात, आणि म्हणूनच त्याची नोंद झाल्याबरोबर जीवसृष्टीच्या पूर्वतयारीत याचा वाटा असेल का, असा विचार सुरू झाला. हा पदार्थ पाण्याशी फार तीव्रतेने प्रक्रिया करतो. फुप्फुसाच्या आणि डोळ्यांच्या ओलाव्यात तो जे करतो ते भोपाळने पाहिले. धूमकेतूवर पाणी आहे, पण ते गोठलेले, शून्याखाली शंभराहून अधिक अंशांवर. तेथे दोघे शेजारी असूनही प्रक्रिया घडत नाही. त्या रात्री टाकीत पाणी शिरले, प्रक्रियेची उष्णता वाढत गेली आणि पुढचे सगळे घडले. पदार्थ दोन्हीकडे एकच आहे. भोपाळला त्याची टाकी वस्तीच्या शेजारी होती.

एक दुरुस्तीही सांगितली पाहिजे. रोझेटाच्या अधिक अचूक उपकरणाच्या नोंदींशी २०१७ मध्ये तुलना झाली तेव्हा या पदार्थाचे प्रमाण फिलेने सांगितले होते त्यापेक्षा खूपच कमी निघाले. तो तेथे आहे, पण नगण्य.

आणि आता मी व्याख्यानात जे टाळले ते सांगतो. फिलेचे मुख्य काम वेगळेच होते. अमिनो आम्लांचे रेणू डाव्या आणि उजव्या अशा दोन घडणींत येतात, जसे हातमोजे. प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने ती तयार केली तर दोन्ही सारखीच बनतात. सजीवांची प्रथिने मात्र जवळजवळ सर्वस्वी डाव्या घडणीची आहेत. ही निवड पृथ्वीवर झाली की आकाशातूनच झुकते माप आले, याचे उत्तर कोणाकडेही नाही. फिलेवर डावे-उजवे वेगळे करणाऱ्या नळ्या होत्या, माती तापवायच्या भट्ट्या होत्या आणि माती काढायला गिरमिट होते. बॅटरी संपत आलेली असताना, शेवटच्या तासांत, गिरमिट चालवण्याचा हुकूम दिला गेला. ते पूर्ण लांबीने बाहेर आले, परत गेले, भट्टी पेटली. पण यंत्र आडवे होते आणि गिरमिटाखाली बहुधा जमीनच नव्हती. भट्टीत माती पोचल्याची खूण मिळाली नाही.

जे काम उतरल्याशिवाय करताच येत नाही, नेमके तेच झाले नाही. चाळीस-बेचाळीसच्या वर्गाला मी हे शिकवले असते तर फळ्यावर प्रश्न लिहून उत्तराची जागा मोकळी सोडली असती. काकूंना मी ही मोकळी जागा दाखवली नाही, आणि त्यांना तीच दिसली.

लेथवाला

मास्तर, जागा इतकीही मोकळी नाही. यंत्र बिघडले की ते कसे बिघडले यातूनच आम्हाला माल कसा आहे ते कळते, आणि येथेही तसेच झाले.

फिले उसळत गेले म्हणून एकाऐवजी तीन ठिकाणची जमीन कळली. जेथे पहिल्यांदा टेकले तेथे वीस-पंचवीस सेंटीमीटरचा भुसभुशीत थर होता. जेथे अडकले तेथे हातोडीने खिळा ठोकणारे उपकरण चालवले, तर खिळा आत शिरेना इतके टणक कवच निघाले. मधली जागा, म्हणजे जेथे ते दुसऱ्यांदा आपटले, ती सहा वर्षे सापडतच नव्हती. २०२० मध्ये ती छायाचित्रांत ओळखली गेली, कारण फिलेने तेथे धूळ खरवडून आतला बर्फ उघडा पाडला होता आणि तो काळ्या पृष्ठभागावर चमकत होता. दोन खडकांच्या फटीत फिलेने उमटवलेल्या खोलगट ठशावरून त्या बर्फाचा मऊपणा काढला, आणि तो कॅपुचिनो कॉफीवरच्या फेसाहून मऊ निघाला. म्हणजे आपल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत कढईतले दूध वरून ओतून पेल्यावर जो फेस आणतात तसा, साडेचारशे कोटी वर्षे जुना. ठरल्याप्रमाणे हार्पून सुटून यंत्र पहिल्याच जागी घट्ट बसले असते, तर हा फेस कोणालाच कळला नसता.

आणखी एक. उसळत जाताना चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण चालूच होते, त्यामुळे एका जागेऐवजी वाटेतल्या अनेक जागांची मोजणी मिळाली आणि केंद्रकाला स्वतःचे चुंबकत्व नाही हे पक्के झाले. फिले आणि रोझेटा यांच्यामध्ये धूमकेतूच्या आरपार रेडिओ लहरी पाठवून आत मोठी भुयारे नाहीत, पण सगळा माल सच्छिद्र आहे, हेही पाहिले. त्याची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी आहे. बिलावलीच्या तलावात तो मावायचा नाही, पण तुकडा टाकला तर तरंगेल.

राजवाडा

तरंगणारा चार किलोमीटरचा डोंगर. माझा मुलगा मागून वाचतो आहे, त्याला हे फार आवडले.

कृत्तिका

मास्तरांच्या डाव्या-उजव्याच्या प्रश्नात एक भर घालते. बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आली. जानेवारी २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सजीवांच्या प्रथिनांत लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा तीत आहेत आणि डावी-उजवी जवळजवळ सारखीच आहेत. ज्यांना डावीकडे झुकते माप अपेक्षित होते त्यांना हा धक्का होता. पण बेन्नू लघुग्रह आहे. धूमकेतूच्या बर्फाखालची माती, न तापवता, न आपटता, अजून कोणीही तपासलेली नाही. त्यामुळे मला वाटते, उतरणे योग्यच होते, पण पुढच्या वेळी उतरून माती घरी आणावी. तेथे अडीच दिवसांची बॅटरी असते, येथे प्रयोगशाळेला वेळेचे बंधन नाही आणि नवी उपकरणे निघाली की तीच माती पुन्हा तपासता येते.

जमाखर्च

हे मला पटते. बेन्नूच्या मोहिमेचा खर्चही शंभर कोटी डॉलरच्या वर गेला होता, हे मी पाहून ठेवले आहे, तेव्हा स्वस्त कोणतेच नाही. पण जे घरी आणता येते त्याची नोंद साठ्याच्या वहीत होते. फिलेच्या २२ कोटींसमोर मी पुढीलप्रमाणे लिहितो: "काम अंशतः पूर्ण, मुख्य बाब प्रलंबित, अनपेक्षित जमा – बर्फाचा मऊपणा." आमच्या विभागात अशी टिपणी लिहिली की वरिष्ठ ती परत पाठवत असत, पण येथे वरिष्ठ कोणी नाहीत.

एक साधे विचारतो. हे सगळे बोलतो आहोत तो धूमकेतू आपल्यापैकी कोणी पाहिला आहे का?

कृत्तिका

मी पाहिला आहे, काका. तो साधारण साडेसहा वर्षांनी सूर्याजवळ येतो. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तो पृथ्वीपासून सुमारे सव्वासहा कोटी किलोमीटरवर होता; फिले उतरल्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती. दिवाळीला घरी आले होते, म्हणून आम्ही चौघे महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे आठ इंची दुर्बीण घेऊन गेलो. मध्यरात्रीनंतर मिथुन रास वर आल्यावर तो सापडला. शेपूट वगैरे काही दिसले नाही. पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर खडूचा जेवढा डाग राहतो तेवढाच तो होता, सरळ पाहिले की नाहीसा व्हायचा आणि नजर जरा बाजूला नेली की पुन्हा दिसायचा. बाबांना दाखवायला मला वीस मिनिटे लागली. दिसल्यावर ते म्हणाले, "त्यावर आपले यंत्र पडलेले आहे?" युरोपचे आहे, असे मी सांगितले, तर त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

माळवी मास्तर

कृत्तिका, तो पुन्हा २०२८ मध्ये सूर्याजवळ येईल. दुर्बीण कोणाची होती ते कळवावे, काकूंना नेतो.